तरवड मुद्दाम लावा: हातकणंगले, शिरोळकडच्या माळासाठी आणि बांधासाठी

मुरूममाती

नमस्कार मंडळी.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पावसाळा आला की झाडं लावायची लाट येते. खड्डे निघतात, रोपं लागतात, फोटो निघतात आणि मार्चमध्ये त्या खड्ड्यांत वाळक्या काड्या उरतात. कारण एकच. माळावर पाणी घालायला कुणी जात नाही आणि रोपं मात्र पाणी मागणारी असतात. म्हणून जिथे पाणी नेता येत नाही तिथे तरवड लावा, असं मला मनापासून सांगायचं आहे. आपोआप उगवलेला राखा असं नाही म्हणत, मुद्दाम बी टोकून लावा.

आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत फार विषम. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला पाच-सहाशे. त्यामुळे "कोल्हापुरात काय लावावं" या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. मी बोलतोय ते पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्याबद्दल: हातकणंगले, शिरोळ आणि कागलचा माळाचा भाग. आमची जमीन हातकणंगले तालुक्यात. वर मुरूम, खाली मांजरखडक.

ज्यांना झाड नावानिशी माहीत नाही त्यांच्यासाठी ओळख. कमरेपासून पुरुषभर उंचीचं झुडूप, चांगल्या जागी त्याहून मोठं. बारा महिने हिरवं. चिंचेसारखी संयुक्त पानं, पण पर्णिका मोठ्या, आठ ते बारा जोड्या. पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णं असतात, ती दिसली की खात्रीच. फुलं ठसठशीत पिवळी, शेंगा चपट्या आणि कागदासारख्या पातळ. शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत कॅशिया ऑरिक्युलाटा सापडेल, झाड तेच. नवरात्रात घटाच्या माळेला ही फुलं बऱ्याच घरांत लागतात, म्हणजे फूल तरी सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

गुण दोन मोठे. पहिला, शेरडं-गुरं याला सहसा तोंड लावत नाहीत. कुंपण नसलेल्या जागी रोप जगण्यात निम्मी लढाई शेरडांशी असते, ती इथे लढावीच लागत नाही. दुसरा, सोटमूळ खोल जातं. पहिला उन्हाळा काढला की पुढे पाणी द्यावं लागत नाही.

आता लागवड.

बी कठीण कवचाचं आहे. तसंच पेरलं तर थोडं उगवतं आणि बाकीचं जमिनीत पडून राहतं. पाणी उकळी फुटेपर्यंत तापवा, चुलीवरून उतरवा आणि मग त्यात बी टाकून रात्रभर ठेवा. चुलीवर असताना बी टाकू नका, शिजेल. सकाळी जे फुगलंय ते पेरायचं, जे फुगलं नाही त्याला पुन्हा तेच करायचं. दुसरी रीत म्हणजे जाड वाळूत बी घालून गोणपाटावर चोळणं. कवच खरवडलं गेलं पाहिजे एवढाच हेतू.

शक्य तिथे बी जागेवरच टोका. जूनमध्ये दोन चांगले पाऊस होऊन ओल खाली उतरली की बोटाच्या एका पेराहून कमी खोलीवर, एका ठिकाणी दोन-तीन बिया. बांधावर दाट कुंपण हवं असेल तर दीड ते दोन फुटांवर. रोपंच करायची तर उंच पिशवी घ्या, सोटमूळ तळाशी गुंडाळलं गेलं की ते झाड पुढे उन्हाळ्यात दगा देतं. माळावरचं उगवलेलं रोप उपटून आणून लावायचा उद्योग करू नका, मूळ तुटतं आणि रोप बसत नाही.

पहिल्या वर्षी गवत काढून बुंध्याशी आच्छादन करा. खत, फवारणी काही नाही. दुसऱ्या वर्षापासून छाटणी. छाटलं की खालून फुटतं आणि दाट होतं.

कुणी मुद्दाम लावलेला असेल तर अनुभव लिहा.

शिरोळची लेक

दादा, छान लिहिलंत. माहेर शिरोळ तालुक्यात, तिथली जमीन ऊस आणि पाटाच्या पाण्यानं क्षारपड झाली. वर पांढरा थर येतो, पीक उगवतच नाही. तरवडाचा पाला अशा जमिनीत घालतात असं ऐकलंय. मग तिथे तरवडच लावला तर जमीन सुधारेल का? शेंगवर्गातला आहे म्हणजे नत्रही मिळेल ना?

मुरूममाती

ताई, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे, नीट उत्तर देतो.

आधी नत्राचं. शेंगवर्गात असूनही तरवडाच्या मुळांवर गाठी येत नाहीत. हा सगळा सेना गटच तसा, टाकळाही त्यातलाच. भुईमूग, ताग, धैंचा यांच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी असतात आणि त्या हवेतला नत्र धरतात, ते इथे होत नाही. त्यामुळे "तरवड लावा, युरिया वाचवा" असं कुणी सांगितलं तर मानू नका.

पाल्याचं ऐकलंत ते खरं आहे. तमिळनाडूत तरवडाचा पाला हिरवळीचं खत म्हणून तुडवून घालायची जुनी पद्धत आहे, चोपण जमिनीतही. पण तो पाला बाहेरून आणून घालायचा. त्यातून सेंद्रिय पदार्थ मिळतो, माती मोकळी व्हायला मदत होते.

शिरोळच्या क्षारपडीचं मूळ दुखणं मात्र पाण्याचं आहे. भूजल वर आलंय, निचरा नाही, म्हणून क्षार वर येतात. तिथे आधी चर किंवा जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांनी पाणी काढावं लागतं, मग धैंचा गाडायचा. धैंचा ओल आणि क्षार दोन्ही सोसतो. तरवड दुष्काळ सोसतो, साचलेलं पाणी नाही. तुमच्या रानात तो लावायचा तर उंच बांधावर, सपाटीला नको.

पंचगंगाकाठ

महापुराच्या पट्ट्यातल्यांनी तर विचारच करू नये म्हणजे. २०१९ आणि २०२१ ला आमच्याकडे रानात कितीतरी दिवस पाणी होतं. नदीकाठाला करंज, वाळुंजच बरा.

मुरूममाती

बरोबर. नदीकाठ हे त्याचं घर नाही.

गगनगिरीचा पायथा

आमच्याकडे गगनबावडा भागात एका शाळेच्या आवारात कुणीतरी तरवड लावला होता. पहिल्याच पावसाळ्यात पिवळा पडून गेला. तुमचं वाचून कारण कळलं. आमच्या लाल मातीत पाऊस चार महिने थांबत नाही.

पायताण

भावा, एक नंबर विषय काढलास. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या चपलांच्या धंद्यातलं, म्हणून यात मला बोलायलाच पायजे.

कोल्हापुरी चपलेचं चामडं झाडपाल्यानंच कमावतात. चुन्यात टाकून केस काढायचे, धुवायचं, मग बाभळीची साल आणि हिरडा. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून, टांगून, त्यात सालीचं पाणी भरतात. ते पाणी कातड्यातून झिरपत राहतं आणि चामडं आतपर्यंत पिकतं. क्रोमच्या (रसायनानं कमावलेल्या) चामड्याला ती सर येत नाही, ना वासाला, ना घाम शोषायला, ना पायाचा आकार घ्यायला. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून.

आता तरवडाचं. इंग्रजीत या झाडाला चांभारांचा कॅशिया अशा अर्थाचंच नाव हाय. दक्षिणेत, मद्रासकडं, पूर्वी गाय-म्हशीची आणि शेरडाची कातडी याच सालीनं कमवायचे आणि तो माल बोटीनं विलायतेला जायचा. सालीत टॅनिन, म्हणजे कातडं पिकवणारं तुरट द्रव्य, पंधरा-वीस टक्क्यांच्या घरात. पुढं दक्षिण आफ्रिकेतला वॅटल झाडाच्या सालीचा अर्क स्वस्त मिळाय लागला आणि तरवडाची साल मागं पडली.

एक बारकी गोष्ट सांगतो. तरवडाच्या सालीनं चामडं फिकट, मऊ आणि देखणं होतं, पण उन्हात ठेवलं की लालसर पडतं. म्हणून शेवटी हिरड्याचा हात देतात. हिरड्याचं टॅनिन वेगळ्या जातीचं, ते रंग धरून ठेवतं. हिरडा तर आपल्या राधानगरी, शाहूवाडीच्या जंगलात आहेच.

बाभूळ आता मिळंना झालीय. बांध पोखरून ऊस लावला, बाभळी तुटल्या. लोकांनी बांधावर तरवड लावला आणि छाटणीची साल मिळाली तर बघायला पायजे.

मुरूममाती

पायताण दादा, माहीत नसलेलं बरंच सांगितलंत. साल काढायला किती वयाची फांदी लागते?

पायताण

दोन-तीन वर्षांची. कोवळ्या काडीत दम नसतो, फार जून झाली की साल सुटायला त्रास देते. मूळ उपटायचं नाही, जमिनीपासून वीतभर ठेवून तोडायचं. फुटून येतंय परत.

वनौषधी शेती

इथे पैशाचा विचार कुणी केला नाही. फुलांचा चहा, पावडर, मधुमेहावर काढा, याला शहरात मागणी आहे. एकरी लागवड करून खरेदीची हमी देणाऱ्या कंपनीला देता येईल. एकराला किती रोपं बसतील?

सांगलीवेस

दादा, थांबा जरा. आमच्या पाहुण्यांनी अशाच एका हमीवर दुसरी एक औषधी वनस्पती लावली होती. रोपं कंपनीचीच, चढ्या भावानं. माल तयार झाला तेव्हा फोन लागेना. लेखी करार, मालाचा दर्जा कोण ठरवणार, वाहतूक कोणाची, हे कागदावर असल्याशिवाय एक गुंठाही लावू नका.

आणि बी घेताना बघून घ्या. भुईतरवड या नावानं सोनामुखीचं बी मिळतं. ते वेगळं झुडूप, बुटकं. तमिळनाडूत, कच्छमध्ये, राजस्थानात त्याची शेती होते, पानं आणि शेंगा रेचक म्हणून परदेशी जातात. सोनामुखी हे पानांचं पीक, तरवड हे बांधाचं झाड. दोन्हींचा हिशेब एका वहीत मांडू नका.

मुरूममाती

सांगलीवेसशी पूर्ण सहमत. तरवडाकडे एकरी पीक म्हणून बघूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सालीचा भरवशाचा बाजार आज नाही, फुलांचा हंगामी आणि किरकोळ आहे. पडीक जागा झाकणं, बांध धरणं, जनावरं अडवणं हे त्याचं काम, आणि ते तो फुकट करतो. चांगल्या जमिनीतलं पीक काढून तरवड लावा असं मी कुणाला सांगणार नाही.

डॉक्टर ताई कागल

काढ्याबद्दल दोन शब्द, कारण दवाखान्यात याचा त्रास बघते. तरवडाची फुलं, बिया आणि पंचांग (झाडाची पाचही अंगं) आयुर्वेदात प्रमेहासाठी, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांसाठी वापरतात, ही परंपरा जुनी आहे. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असताना वरून काढा घेतला तर साखर खाली येऊ शकते. गोळी बंद करून काढा घेणं त्याहून वाईट. जे काही घ्याल ते डॉक्टरांना सांगून घ्या.

दुसरं, ओळख चुकू देऊ नका. कासविंदा हा याच गटातला. त्याचंही फूल पिवळंच, रस्त्याकडेला भरपूर. त्याच्या बिया लहान मुलांनी खाल्ल्या तर यकृत, स्नायू आणि मेंदूला इजा होते. पश्चिम उत्तर प्रदेशात अशा मुलांचे मृत्यू झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत आलेलं आहे. घरी मुलं असतील तर कुठल्याच रानशेंगा खेळायला देऊ नयेत.

मुरूममाती

ताई, आभार. शेंगेवरून फरक सोपा आहे. तरवडाची चपटी, रुंद आणि कागदी. कासविंद्याची अरुंद, लांबट आणि थोडी वर वळलेली. आणि कानासारखी उपपर्णं तरवडालाच.

माळटिटवी

माझा विरोध नाही, पण काळजी आहे. रामलिंग, बाहुबलीच्या आसपासचे माळ, कागलकडचे माळ हे ओसाड नाहीत, ती गवताळ परिसंस्था आहे. चंडोल, माळटिटवी, खोकड, ससे सगळे उघड्या गवतावर जगतात. "माळ रिकामा दिसतोय, झुडपं लावा" म्हणत ओळींनी तरवड टोकला तर गवत दबेल. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला लांबवर दिसणारी उघडी जागा लागते, झुडपाची भिंत नको असते. तरवड इथलाच आहे हे मान्य, पण इथलं झाडसुद्धा चुकीच्या जागी गर्दीनं लावलं तर नुकसानच करतं.

मुरूममाती

हे फार महत्त्वाचं आहे, बरं झालं लिहिलंत. मी वर "माळावर" असा शब्द मोघम वापरला, तो नेमका करतो. गवत असलेल्या माळावर नको. जिथे जेसीबीनं मुरूम उचलून नेलाय, जिथे रस्त्यासाठी कडा कापल्यात, जिथे घळी पडल्यात, आणि शेताचे बांध, तिथे. अशा उघड्या मुरमात गवताआधी तरवडच पाय रोवतो.

माळटिटवी

मग माझी पूर्ण साथ आहे. भर घालते. तरवडाच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तो परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर येतो. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा तो पराग उडतो. मोठे काळे लाकूडभुंगे सकाळी या फुलांवर घुमताना ऐकू येतात, तो आवाज त्यासाठीच. पिवळट-पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या याची पानं खातात. पानं कुरतडलेली दिसली की औषध मारू नका, झाड सहज सावरतं.

ऊसवाला

आमच्या बांधाला सलग ऊस हाय. तरवड लावला तर हुमणीचे भुंगेरे त्यावर येतील काय? हुमणीनं जीव नकोसा केलाय.

मुरूममाती

मामा, भुंगेऱ्यांची आवड कडुलिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जास्त. वळवाचे पहिले पाऊस झाले की संध्याकाळी दिवस मावळल्यावर ते जमिनीतून निघतात आणि पाला खायला झाडावर जमतात. बांधावर कुठलंही झाड असो, त्या आठवड्यांत रात्री फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. गावानं मिळून केलं तरच उपयोग, एकट्याच्या बांधानं भागत नाही.

आणखी एक. तरवड उसाच्या अगदी सरीला लावू नका. पाटाचं पाणी रोज मुरतं तिथे तो खूष नसतो. बांधाचा माथा किंवा बाहेरचा उतार.

हैदराबादकर

मी मूळचा इचलकरंजीचा, नोकरीनं तेलंगणात. इथे तरवड म्हणजे तंगेडू, राज्याचं फूल आहे. नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा असते तेव्हा बायका फुलांचा थर रचतात, त्यात तंगेडू मुख्य. त्या दिवसांत बाजारात टोपल्याच्या टोपल्या येतात. पण सगळी रानातून खुडलेली, आणि शहर वाढतंय तशी रानं लांब चाललीत. माझी आई इचलकरंजीला घटाची माळ करताना दरवर्षी फुलं शोधत फिरते. गावच्या देवळाच्या आवारात आणि शाळेच्या कुंपणाला चार-चार झुडपं लावली तर सणाची फुलं तरी दारात मिळतील.

मुरूममाती

हे मनापासून पटलं. देवळाच्या कुंपणासाठी एकच पथ्य. छाटणी उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर करा. नवी फूट पावसात येते आणि फूल नव्या फांदीच्या टोकाला लागतं. गणपतीनंतर छाटलं तर नवरात्राची फुलं गेली.

शिरोळची लेक

बी कधी गोळा करायचं? आमच्या उंच बांधावर यंदा टोकायचं म्हणते.

मुरूममाती

ताई, शेंग झाडावरच तपकिरी होऊन हलवली की वाजायला लागली म्हणजे तयार. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मिळत राहतात. एकाच झाडावरून ओरबाडू नका, वेगवेगळ्या झाडांवरून थोड्या थोड्या घ्या. बियांत बारीक भोकं दिसली तर त्या किडक्या, बाजूला काढा. बाकीच्या राखेत मिसळून कोरड्या बरणीत. जूनपर्यंत काही होत नाही.

पायताण दादा, आमचं कुंपण आता छाटणीला आलंय, बुंध्याच्या फांद्या तीन वर्षांच्या झाल्यात. साल पाठवू का? कशी काढू तेवढं सांगा.

पायताण

पाठव की! फांदी तोडली की त्याच दिवशी सोल. वाळली की साल लाकडाला चिकटून बसतीय. लाकडी मोगरीनं फांदी हलक्या हातानं ठेचत जायचं, साल मोकळी होतीय, मग हातानं पट्टी ओढायची. सावलीत वाळव, पावसाचा एक थेंब लागू देऊ नको, नाहीतर काळी पडून बुरशी धरतीय. कोरडी झाली की तुकडे करून पोत्यात भर.

मी एक शेरडाचं कातडं तुझ्या सालीत आणि एक बाभळीत, दोन्हीला शेवटी हिरडा, असं बाजूबाजूला लावतो. दोन्हीचे तुकडे आठवडाभर उन्हात ठेवून फोटो इथंच टाकतो. पोतं भरलं की व्यनि (खासगी निरोप) कर, मी गाडी घेऊन येतो.